घरात वायर ओढायची की वायफायवर भागवायचं? आधी भिंत बघा

प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर १८० येतात, माजघरात ४०, आणि मागच्या खोलीत, जिथे पोरगं ऑनलाइन क्लासला बसतं, तिथे ६. कंपनीला फोन होतो, माणूस येतो, राउटर बदलून देतो, आणि मागच्या खोलीत पुन्हा सहाच. तो माणूस खोटं बोलत नसतो. खांबावरून आलेली फायबर तिचं काम चोख करत असते. गाडी अडलेली असते घराच्या आत, राउटर आणि मोबाइल यांच्यामधल्या दहा-पंधरा मीटरांत.

म्हणून खिशात हात घालण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला (मागच्या वायर जोडायच्या भोकाला) वायरने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मोबाइलवरचे डाउनलोड थांबवा आणि स्पीड टेस्ट घ्या. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, अडॅप्टर मिळतो. स्वस्तातले बरेच अडॅप्टर १०० एमबीपीएसवरच थांबतात, तेवढं घेताना बघा. वायरवर प्लॅनएवढा आकडा आला तर लाइन निर्दोष आहे आणि पुढचं सगळं तुमच्या घराचं काम. नाही आला तर तक्रार योग्य आहे, हा लेख बाजूला ठेवा. आणि २०० च्या प्लॅनवर आकडा ९० ते ९५ च्या मध्येच अडकून बसला असेल तर ती तिसरीच भानगड आहे; ती खाली येईल.

वायर की वायफाय, हा प्रश्न अख्ख्या घरासाठी एकदाच विचारला की उत्तर हमखास चुकतं. तो वस्तूवार विचारायचा. जी वस्तू जागची हलत नाही आणि भरपूर डेटा ओढते, तिला वायर: टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, घरून काम करणाऱ्याचं टेबल. जी हातात घेऊन फिरते, तिला वायफाय. प्रिंटर, स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच हलत नाहीत, पण त्यांचं खाणं चिमणीएवढं. ते वायफायवरच राहू द्या. या यादीत लोक एक गोष्ट हमखास विसरतात: वायफाय देणारा दुसरा डबाही जागचा हलत नाही, आणि घरातला सगळ्यात जास्त डेटा त्याच्यातूनच जातो. पहिली वायर त्याच्यासाठीच ओढायला हवी.

वायफाय मुळात कुठे कमी पडतं

वायरमध्ये प्रत्येकाला स्वतःचा रस्ता असतो, येण्याचा वेगळा आणि जाण्याचा वेगळा. गिगाबिट वायरवर प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळतात, आणि शेजारच्या पोर्टवर कोणी काहीही करो, त्यात फरक पडत नाही. वायफाय म्हणजे सभेतला एकच माईक. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच रांगेत.

यात एक गोम आहे. लांबच्या खोलीतल्या मोबाइलला सिग्नल कमी मिळाला की तो हळू बोलतो, आणि हळू बोलणारा माईक जास्त वेळ धरून ठेवतो. मागच्या खोलीत एकाने रील्स लावल्या की हॉलमधल्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो यामुळे. दोघांच्या मिळून गरजा १० एमबीपीएससुद्धा नसतात. म्हणजे अडचण प्लॅनची नसतेच. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरतील असं सांगतं, साध्या फुल एचडीला ५. २०० चा प्लॅन ३०० चा करून मागच्या खोलीतले ६ हे ६च राहतात.

राउटरच्या खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं त्यालाही भुलू नका. वायफायच्या दोन पट्ट्यांची, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची, बेरीज करून वर ओढलेला तो आकडा आहे. साधा मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, आणि त्या ८६७ पैकीही शेजारी बसल्यावर हातात पडतात ते निम्मे किंवा थोडे जास्त. वाईट म्हणजे अशा काही राउटरच्या मागचे वायरचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात. म्हणजे बाराशेची टाकी आणि शंभराची तोटी. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात "१०/१००" लिहिलं असेल तर ठेवून द्या. "१०/१००/१०००" किंवा "गिगाबिट" हवं.

सोलापुरातली घरं

उत्तर कसबा, दक्षिण कसबा, बाळीवेस या जुन्या भागांतल्या वाड्यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फुटांच्या, मध्ये मातीचा भराव. वर माळवद. उन्हाळ्यात हेच घर थंड राहतं आणि वायफायही हेच घर अडवतं. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा एका भिंतीपलीकडे जवळपास संपते. २.४ गिगाहर्ट्झची थोडी पोचते, पण मोबाइलवर मेसेज यावा एवढीच. पावसाळ्यात भिंत आणि माळवद ओल धरतात तेव्हा आणखी घटते, कारण पाणी ही लहर शोषून घेतं. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या आरसीसी घरांत भिंती ४ आणि ९ इंची विटांच्या. एक ४ इंची भिंत ५ गिगाहर्ट्झला चालते, दोन झाल्या की धाप लागते. मजल्यांमधला स्लॅब मात्र सळयांमुळे दगडी भिंतीच्याच पंगतीतला.

वाड्यात राउटर ठेवायला सगळ्यात सोयीची वाटणारी जागा म्हणजे कोनाडा. सगळ्यात वाईट जागाही तीच. तिन्ही बाजूंनी, वर आणि खाली दगड, आणि सिग्नल फक्त समोरच्या तोंडातून बाहेर. लोखंडी कपाटावर, आरशामागे, फ्रिजच्या आडोशाला ठेवणं याच जातीचं. मार्च उजाडला की हॉलमध्ये पत्र्याचा कूलर येऊन बसतो. राउटर आणि आतली खोली यांच्या मधोमध तो आला तर पत्रा, ओले पॅड आणि खालची पाण्याची टाकी मिळून चांगली भिंत तयार होते. "उन्हाळ्यात नेट खराब चालतं" या तक्रारीमागे कधी कधी फक्त कूलरची जागा असते.

दुसरं कारण ऊन. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुतेक वेळा ० ते ४० अंश दिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची सावलीच चाळिशी ओलांडते. पोटमाळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली किंवा टीव्ही युनिटच्या बंद काचेमागे ठेवलेल्या राउटरची काय अवस्था होत असेल, ते हात लावून बघा. खूण अशी: सकाळी ठीक, दुपारी दोन ते पाच नेट तुटतं, बंद करून चालू केलं की अर्धा तास बरं. नवा राउटर आणण्याआधी त्याला मोकळ्या भिंतीवर, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, भिंतीपासून दोन बोटं सुटा लावून आठवडाभर बघा.

जागा हलवायची तर फायबर पोचायला हवी, आणि इथे एक स्वस्त युक्ती आहे. जोडणी द्यायला येणारा माणूस फायबर दारातून आत घेतो आणि पहिल्या सॉकेटपाशी डबा लावून मोकळा होतो. त्याला सांगा, ढेलजेत नको, चौकाच्या कडेला किंवा घराच्या मधल्या खोलीत आण. दहा-पंधरा मीटर जास्तीची फायबर त्याच्या दृष्टीने किरकोळ असते, आणि घरातली पहिली "वायर" तुम्हाला फुकट मिळते. फक्त ती दारात चेंगरू नये आणि कोपऱ्यात तिला काटकोनात मुडपू नये. वळण रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं, निदान वाटीएवढं गोल असावं. ताणली-मुडपली की डब्यावर "लॉस"चा लाल दिवा लागतो.

आता मोजमाप. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची फुकट अ‍ॅप मिळतात, ती सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दाखवतात. उणे ५० च्या आसपास उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त चालतो. उणे ७५ च्या पलीकडे गेलं की फक्त मनस्ताप. कागदावर घराचा आराखडा काढा, प्रत्येक खोलीत पलंगाजवळ आणि टेबलाजवळ उभं राहून, दारं लावून, आकडा लिहा. दारं लावून यासाठी की रात्री अभ्यासाला बसणारा दार लावूनच बसतो. या कागदावरून कुठे वायर न्यायची ते आपोआप दिसतं.

त्याच अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे चॅनेल दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत न घुसणारे. यांपैकी सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. कोणी हुशारीने ३ किंवा ८ निवडतो, तो दोन्हीकडच्या गर्दीचा मार खातो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधले, ५२ ते १४४, रडारशी वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की नियमाप्रमाणे तो ते चॅनेल सोडतो, आणि अधूनमधून मिनिटभर नेट का गेलं हे कोणाला कळत नाही.

दुसरा डबा: रिपीटर, मेश की वायरवरचा

मागच्या खोलीत रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून तोच पुढे पाठवणारा डबा, लावणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. जिथे मोबाइललाच सिग्नल नाही, तिथे रिपीटरला कुठून मिळणार? मिळालेलं फाटकं कापडच तो पुढे देतो. शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलायचं, म्हणून वेग निम्मा होतो. लावायचाच तर सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी.

मेशचे, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय देणारे, दोन-तीन डबे महाग असतात आणि आरसीसीच्या मोकळ्या घरात छान चालतात. पण दोन फुटी दगडापुढे मेशचंही काही चालत नाही, कारण त्याचे डबे आपसात वायफायवरच बोलतात. मेश घेणारच असाल तर डब्याला वायरचा पोर्ट आहे ना आणि डबे वायरने जोडता येतात ना, हे दुकानातच विचारून घ्या. वायर जोडली की तोच मेश वेगळाच प्राणी होतो.

खरं म्हणजे वायर पोचत असेल तर मेशची गरजही उरत नाही. घरात पडून असलेला जुना राउटर चालतो. त्याला रिसेट करा. लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडा आणि सेटिंगमध्ये जा. "अ‍ॅक्सेस पॉइंट मोड" असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर हाताने: मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मुख्य राउटर तो पत्ता दुसऱ्या कोणाला वाटत नाही ना हे पाहा, आणि याचं डीएचसीपी बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकाच्याच हाती राहील. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली वायर याच्याही लॅन पोर्टात घाला. वॅन नावाच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात नाही. सेटिंग न बदलता वॅनमध्ये घातली तरी नेट बहुधा चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि खालच्या मोबाइलला वरचा प्रिंटर दिसत नाही. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे तेच, चॅनेल वेगवेगळे. मोबाइल जुन्या डब्याला चिकटून राहत असेल तर दोन्हींची २.४ गिगाहर्ट्झची ताकद "मध्यम"वर आणा.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असल्या किंवा मध्ये इन्व्हर्टर आला की ते रुसतात. परत घेणार असेल त्याच दुकानातून आणा.

वायर घेताना

घराला कॅट-६ घ्या. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आणि आखूड अंतरावर, साधारण ५५ मीटरपर्यंत, १० गिगाबिटही वाहून नेते. कॅट-५ई सुद्धा १०० मीटर गिगाबिट देते. आधीच ओढलेली आणि धड असेल तर उपटायची गरज नाही. त्याहून भारी, चकचकीत नावांच्या वायरी घरात पैसे वाया.

नावापेक्षा आतला धातू महत्त्वाचा. बाजारात सीसीए नावाची वायर भरपूर आहे: आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. खोक्यावर कॅट-६च छापलेलं असतं. ओळखायची तर आतली एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की सीसीए. दोन-तीनदा वाकवली की तुटते. ३०५ मीटरचं पूर्ण खोकं एका हाताने सहज उचललं जात असेल तरी शंका घ्या, तांबं जड असतं. सीसीएचा खरा त्रास कॅमेऱ्यांना होतो. एकाच वायरीतून वीज आणि डेटा घेणारे पीओई कॅमेरे दिवसा ठीक चालतात, रात्री अंधारातले इन्फ्रारेड दिवे लागले की जास्त वीज ओढतात, अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. चोर यायच्या वेळीच नेमका.

भिंतीत जाणारी वायर एकसंध तारेची (बारीक तारांच्या झुबक्याची नव्हे) असावी आणि दोन्ही टोकांना भिंतीतल्या आय-ओ (नेटच्या वायरीच्या) सॉकेटमध्ये बसवावी. तिथून पुढे टीव्हीपर्यंत तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग बसवलेली लवचिक वायर. भिंतीतून आलेल्या वायरीलाच प्लग मारून टीव्हीमागे लोंबकळत सोडली की हलून हलून एखादी तार तुटते.

आत आठ तारा, चार जोड्या. प्लगची खिट्टी खाली आणि तोंड तुमच्यापासून पलीकडे धरलं तर डावीकडून क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जोड्यांचे पीळ शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत राहू द्या. तो पीळच बाहेरचा गोंगाट परतवतो. काही वायरमन "दोन्हीकडे सारखा क्रम असला की झालं" म्हणून मनाने रंग लावतात. टेस्टरवर एक ते आठ दिवे बरोबर पेटतातसुद्धा. पण एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीत गेली की पिळाचा उपयोग संपतो, आणि लांब वायरीवर वेग पडतो. दिवे पेटणारा टेस्टर ही चूक पकडू शकत नाही.

आता ती ९० ते ९५ ची भानगड. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा लागतात, गिगाबिटला आठही. बाकीच्या चारांपैकी एखादी सैल किंवा तुटकी असेल तर दोन्ही टोकांची यंत्रं गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि हातात ९४ येतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. १००/१०० दिसलं तर आधी पॅच कॉर्ड बदला, मग प्लग नवे मारा, मग यंत्राचा पोर्टच १०० चा आहे का ते बघा. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा पोर्ट १०० चाच असतो. त्यामुळे टीव्हीवर वायरची स्पीड टेस्ट वायफायपेक्षा कमी दिसू शकते. घाबरू नका, ४के ला १५ लागतात आणि वायरवर ते न डगमगता येतात.

वायर ओढताना

नवं घर बांधत असाल तर गोष्ट सोपी आहे, फक्त वेळ चुकवू नका: गिलाव्याआधी. लाइटच्या पाइपापासून वेगळा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, प्रत्येक जागी दोन वायरी, आणि पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची पडून. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड. जागा: टीव्हीमागे, अभ्यासाच्या टेबलाशी, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजच्या छताला वायफायच्या डब्यासाठी, आणि गच्चीवर एक. सगळे पाइप एकाच ठिकाणी यावेत, जिथे फायबरही येईल आणि इन्व्हर्टरचा सॉकेट असेल. ती जागा जिन्याखाली असली तरी चालेल, पण तिथे वारा खेळला पाहिजे.

२३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात नेटची वायर कधीही घालू नका. गोंगाट हे त्याचं लहान कारण. कुठे इन्सुलेशन वितळलं तर तो करंट सरळ राउटरमध्ये आणि लॅपटॉपला हात लावणाऱ्यापर्यंत येतो, हे मोठं. समांतर जाताना आठ इंच अंतर ठेवा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

वाड्यात झिरी मारायच्या भानगडीत पडू नका. दगडमातीच्या भिंतीत कटर लावला की गिलाव्याचे पोपडे हातभर निघतात आणि गवंड्याचं बिल नेटवर्कपेक्षा मोठं होतं. आहेत त्या वाटा शोधा: दाराच्या चौकटीचा माथा, झरोका, जुन्या टेलिफोनच्या वायरीचं भोक, तुळईची कड. भिंतीवरून केसिंग पट्टी तुळईला लागून नेली की दिसतही नाही. भोक पाडावंच लागलं तर दोन फुटी भिंतीला निदान अडीच फुटी बिट हवं, आणि आतल्या भरावात दगड सरकून बिट अडकतं, म्हणून अनुभवी माणूसच बोलवा. भोकात पीव्हीसी नळीचा तुकडा बसवा. बाहेर उघडणारं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत येणार नाही. उन्हात जाणारी वायर काळ्या पीई आवरणाची, बाहेरच्या वापरासाठीची घ्या. घरातली करडी वायर गच्चीवर उन्हाने तडकते.

एका वाड्याचा हिशोब करून बघू. पुढे सोपा, मध्ये चौक, पलीकडे माजघर आणि मागची खोली, वर एक गच्चीवरची खोली. फायबर चौकाच्या कडेला आणली, मुख्य राउटर तिथेच. त्याच्याशेजारी ५ पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच (एका वायरीला अनेक वाटा फोडणारा डबा), कारण राउटरचे पोर्ट पुरत नाहीत. एक वायर सोप्यातल्या टीव्हीला, १२ मीटर. दोन मागच्या खोलीला, प्रत्येकी १८ मीटर, एक टेबलाला आणि एक दुसऱ्या वायफाय डब्याला. एक गच्चीच्या खोलीला, २० मीटर. बेरीज ६८, प्रत्येक वायरीमागे दोन्ही टोकांना मिळून ३ मीटर जास्तीचे धरले की ८०. आय-ओ सॉकेट आठ, पॅच कॉर्ड नऊ (नववी राउटर ते स्विच), केसिंग पट्टी मोजून. ३०५ मीटरचं खोकं घ्यायची गरज नाही. नव्या पेठेत मीटरवर वायर मागा, पण तार खरवडून बघितल्याशिवाय कापू देऊ नका. उलट जुळे सोलापुरातल्या ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये राउटर मधल्या भिंतीवर नेला आणि टीव्हीला एक वायर दिली की विषय संपतो. तिथे कोणी तुम्हाला तीन डब्यांचा मेश विकत असेल तर ऐकून घ्या आणि घरी या.

घर आणि मागे कारखाना असेल, म्हणजे अंगणापलीकडच्या शेडमध्ये माग चालत असतील, तर तिथे तांब्याची वायर नेऊच नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या वायरीतून येणारा झटका दोन्ही टोकांची यंत्रं जाळतो. त्याऐवजी फायबर टाका आणि दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर यांची गाठ घालणारा डबा. जोडीतला एक "ए" आणि दुसरा "बी" असतो, दोन "ए" आणले तर दिवाच लागत नाही. फायबरबरोबर जी पोलादी आधाराची तार असते ती बाहेरच खांबाला बांधून तोडा, आत आणू नका. शेडमधली यंत्रं बंद पेटीत ठेवावी लागतात, कारण सुताचे तंतू पोर्टात आणि जाळीत भरतात. पेटी बंद म्हणजे गरम, म्हणून खालून कापडी फिल्टरची जाळी द्या आणि महिन्यातून एकदा ती झटका. मोटारींच्या वायरींपासून लांब, हे वेगळं सांगायला नको.

वीज गेल्यावर

लोक राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावतात आणि मग गच्चीच्या खोलीत नेट का नाही म्हणून विचारतात. साखळीतली प्रत्येक कडी चालू राहायला हवी: फायबरचा डबा, राउटर, स्विच, दुसरा वायफाय डबा. सगळ्यांच्या अडॅप्टरवरचं व्होल्टेज वाचा. १२ चा पिन ५ व्होल्टच्या स्विचमध्ये सहज बसतो आणि स्विच लगेच जातो. अँपिअर यूपीएसवर जास्त असले तर चालतात, कमी असले तर नाही. वरचा डबा पीओईवर चालणारा असेल तर खालच्या एकाच इन्व्हर्टर सॉकेटवर सगळं भागतं.

काम झाल्यावर, वायरमनला शेवटचे पैसे देण्याआधी, लॅपटॉप घेऊन प्रत्येक सॉकेटला लावा आणि लिंक स्पीड १००० दिसतो का ते बघा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तोच आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी मोकळं दिसलेलं टोक त्याच स्विचमध्ये पुन्हा खुपसतं, वायर फिरून स्वतःलाच येऊन मिळते, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि अख्ख्या घराचं नेट बसतं. असं झालं तर राउटर रिसेट करू नका. स्विचमधल्या वायरी एकेक करून काढा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, तिचं दुसरं टोक शोधा.